खसखस नेऊ नये

बारामतीच्या गुणवडी चौकातल्या चपलांच्या दुकानात, छकुलीच्या पायात लाल पट्ट्यांचे सँडल अडकवता अडकवता, दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या पोराशी बोलतात तसं सहज विचारलं, "कुणासंगं आली गं बाजाराला?" छकुलीने मान वर न करता, अजिबात न अडखळता सांगून टाकलं, "पाव्हणीसंगं." दुकानदार हसला. "मंग चैन हाय तुजी," म्हणाला, आणि मनिषाही हसली. हसायला आपल्याला जराही वेळ लागला नाही, याचंच तिला नंतर राहून राहून नवल वाटत राहिलं. तिने पैसे दिले, खोकं नको म्हणून सांगितलं, पोरीच्या जुन्या चपला कागदात गुंडाळून पिशवीत टाकल्या आणि रस्त्यावर येऊन तिचं मनगट धरलं. उसाने लादलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, टेप मोठ्याने लावून चौकातून वळत होता. त्याच्या धुरळ्यात दोघी मायलेकी उभ्या राहिल्या. छकुलीने हात सोडवून घेतला नाही. दवाखान्यात माणसं नाडी बघायला हात पुढे करतात आणि दुसरीकडे बघत बसतात, तसा तो हात तिच्या हातात होता. सवयीने मनिषाची बोटं नाडीवरच गेली होती, आणि नाडी अगदी शांत चालली होती.

जळोचीकडे जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात, नऊ-दहा माणसांच्या मधे अंग चोरून बसलेली मनिषा स्वतःची समजूत घालत राहिली. या कामात तिचा हात आता चांगला बसला होता. पोरीचं चुकलं तरी काय? अडीच वर्षांची असताना जिला ठेवून गेलो ती आता पाचाला टेकली. तिच्या निम्म्या आयुष्यात आपण नव्हतो, आणि ज्या निम्म्यात होतो ते तिला आठवत नाही. शिवाय आपण आलो तेही कसे? मुंबईहून जीप करून, टपावर बॅगा बांधून, डोळ्यांवर गॉगल लावून. निम्मी आळी अंगणात जमली होती. शंभूराजने शेजारून खाट मागून आणली होती, बायकोसाठी, आणि तिच्यावर घडी न मोडलेली चादर अंथरली होती. भामाबाईंनी स्वतःच्या सुनेपुढे तांब्याभांडं ठेवून "बस बाई, लांबनं आलीस" म्हटलं होतं. छकुली दाराआडून बघत होती. "आई आली बग तुजी, आई," असं चार बायांनी एकदम सांगितल्यावर तिने मनिषाला ओलांडून तिच्या मागे, जीपच्या उघड्या दाराकडे पाहिलं. तिथून आणखी कुणी उतरलं नाही. मग आजीने शिकवलेलं होतं त्याप्रमाणे ती आत गेली, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून घेऊन आली आणि म्हणाली, "पानी घ्या तुमी." बाया कौतुकाने हसल्या. पोरीला वळण चांगलं लावलंय असं भामाबाईंना सगळ्यांनी सांगितलं. त्या 'तुमी'ला आता महिना होत आला होता, आणि आळीतल्या कुत्र्यालासुद्धा छकुली 'तू' म्हणत असे.

आई कुठं असते हे तिला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही, चांगलं ठाऊक होतं. आई गोजरबाईच्या एसटीडी बूथमध्ये असायची. मनिषा ओमानला नर्स होती, तिथं शुक्रवारची सुट्टी, म्हणून दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन यायचा. भामाबाई पोरीची वेणी घालून, तोंडाला पावडर लावून, "चल, आईकडं जायाचंय" म्हणत तिला त्या काचेच्या खोक्यात घेऊन जायच्या. तिकडून मनिषा "जेवलीस का" म्हणायची, ते समुद्र ओलांडून इकडे पोचेपर्यंत पोरगी भलतंच काहीतरी सांगायला लागलेली असायची, आणि दोघींचं बोलणं एकमेकींच्या अंगावर पडून चेंगरून जायचं. तरी तेवढं पुरायचं. गेल्या शुक्रवारी मनिषा गॅसपुढे भाकरी थापत होती, आणि छकुली आपणहून ठेवणीतला फ्रॉक घालून, पांढरीफटक पावडर फासून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "आज्जे, चल की. आईकडं जायाचंय." भामाबाईंनी मनिषाकडे बघायचं टाळलं. "आज न्हाय यायचा आईचा फोन," एवढंच त्या म्हणाल्या. पोरगी पाय आपटून रडली, जेवली नाही, आणि फ्रॉक न काढताच झोपी गेली. मनिषाची भाकरी तव्यावर करपली. आपली लेक आपल्यासाठी रडते आहे हे बघून त्या वेळी तिला आत कुठेतरी बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची तिला अजून लाज वाटत होती.

जळोचीच्या फाट्यावर उतरून दोघी घराकडे चालू लागल्या. नवे सँडल करकर वाजत होते आणि छकुली त्या आवाजासाठी मुद्दाम खडीवर पाय टाकत होती. घर लांबूनच दिसायचं. दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि मधे ते गुलाबी रंगाचं, स्लॅबवर गजांची टोकं वर काढून उभं राहिलेलं. त्या गजांवर पुढे मजला चढायचा होता. मनिषाला ते गज बघवत नसत. सुट्टी आठवड्याभरात संपणार होती, तिकीट कपाटात होतं, पुढचा करार पुन्हा दोन वर्षांचा होता. शंभूराज भला माणूस. "तुला नको वाटत आसंल तर नको जाऊ," असं तो एकदा म्हणाला होता आणि म्हणून झाल्यावर बराच वेळ स्लॅबकडे बघत बसला होता. मनिषाने मनाशी एक ठरवून ठेवलं होतं, नवसासारखं, कुणाला न सांगता: पोरगी एकदा, नुसती एकदा, कुणी ढकलल्याशिवाय आपणहून माझ्या कुशीत आली, की तिकीट परत करायचं आणि बारामतीतल्या जुन्या दवाखान्यात पुन्हा सलाइन लावत बसायचं. मग त्या गजांना गंज चढला तरी चालेल. महिनाभर ती त्या एका वेळेची वाट बघत होती, आणि पोरगी महिनाभर तिला पाणी आणून देत होती.

ओट्यावर राजलक्ष्मी बसलेली होती. सोमेश्वरनगरकडची, ऊसवाल्यांच्या घरातली पोर, बारामतीत एका दवाखान्यात नर्स होती आणि तिचं आता आखातातलं काम पक्कं झालं होतं. मनिषा सुट्टीवर आल्यापासून अशी कुणी ना कुणी यायचीच. परदेशात जाऊन कसं राहायचं हे सांगायला पंचक्रोशीत दुसरं होतं कोण? आणि सांगायला बसली की मनिषाचा चेहरा उजळायचा, हात हलायला लागायचे, आवाजाला वजन यायचं. घरात जिला मीठ कुठल्या डब्यात आहे हे विचारावं लागत होतं तिला ओमानमधल्या खोलीतली प्रत्येक फळी तोंडपाठ होती. "आधी एक ध्यानात ठेव," ती पिशवी खाली ठेवता ठेवताच म्हणाली, "खसखस नेऊ नकोस. आपण लाडवाला, अनारशाला लावतो ना, तीसुद्धा नाही. तिकडं खसखस म्हणजे अफूच. विमानतळावर धरतात." हे सांगताना तिला दर वेळी मुंबईतलं ते लॉज आठवायचं. भामाबाईंनी डबाभर अनारसे दिले होते, आणि विमानाच्या आदल्या संध्याकाळी कुणीतरी हे सांगितल्यावर ती मोरीपाशी बसून एकेका अनारशावरची खसखस चमच्याने खरवडत होती. सासूने एकेक दाणा निवडून लावलेली ती खसखस मोरीतून वाहून गेली. उघडे पडलेले अनारसे तिने तिकडे महिनाभर पुरवून खाल्ले होते.

"कुकरची रबरी रिंग जादा ने, आपल्या मापाची तिथं मिळत नाही. पासपोर्ट ते ठेवून घेतात, त्याची झेरॉक्स करून उशीच्या अभ्र्यात शिवून टाक. खोलीत केरळच्या मुली असतील, त्यांच्या खोबरेल तेलाच्या भाजीला नाक मुरडू नको. ताप आला की त्याच पेज करून देतात. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, घाबरायचं नाही, तूप लावायचं. तिथली भाषा हळूहळू येते, पण एक शब्द इथूनच शिकून जा. वजा. वजा म्हणजे दुखणं. 'वेन वजा' विचारलं की म्हातारी माणसं आपोआप हात लावून दाखवतात कुठं दुखतंय ते." राजलक्ष्मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. त्या तिकडे ड्यूटीवर घालू देत नाहीत हे सांगायचं मनिषाने पुढे ढकललं. "घड्याळ विमानातच तिथल्या वेळेवर लाव. दोन वेळा मनात ठेवायच्या नाहीत. आता घरी किती वाजले असतील असं मोजायला लागलीस की झोप गेलीच म्हणून समज. घरच्यांचा फोटो कॉटसमोर लावायचा नाही. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने लाव. दार उघडलं की बघायचं, मिटलं की मिटलं."

सगळं खरं होतं आणि यातलं तिने स्वतः काहीही पाळलं नव्हतं. दोन वर्षं तिच्या डाव्या हातावर तिथली वेळ होती आणि उशाखाली दुसऱ्या घड्याळात जळोचीची. सकाळच्या औषधांची ट्रॉली ढकलताना तिला कळायचं की आता पोरगी बालवाडीत गेली असेल, आता आली असेल, आता आजीच्या मांडीवर पडून भाताचा गोळा तोंडात तसाच धरून बसली असेल. शंभूराजने एकदा कुणाच्या तरी हाती कॅसेट पाठवली होती. केरळच्या सिस्टरचा टेपरेकॉर्डर मागून घेऊन तिने ती ऐकली. आधी शंभूराजचं घसा खाकरणं, मग बैलाच्या घुंगरांचा आवाज, मग "म्हण, आई कदी येनार, म्हण की." मग तो आवाज आला, पाठ केलेला, "आई कदी येनार." आणि लगेच, टेपपासून लांब जाऊन, अगदी वेगळ्या, मोकळ्या गळ्याने, "आज्जे, झालं का? मला खाली सोड." ती पहिली ओळ तिने एकदाच ऐकली. दुसरी मात्र ती मागे नेऊन नेऊन ऐकत राहिली, टेप घासून आवाज खरखरायला लागेपर्यंत. तिची खरी पोर त्या दुसऱ्या ओळीत होती, आणि त्या ओळीत ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती.

"ताई," राजलक्ष्मीने बांगड्या मागे सारल्या. "माजं आठ म्हैन्याचं हाय. अंगावर पितंय अजून. त्याचं कसं करू?" आतापर्यंत आलेल्यांपैकी कुणी हे विचारलं नव्हतं. कदाचित मनिषाच्या तोंडाकडे बघून विचारायचं टाळलं असेल. तेवढ्यात छकुली आतून आली. दोन्ही हातांत दोन पेले, जीभ दातांत धरून, सांडू न देता. एक पेला तिने राजलक्ष्मीपुढे धरला, "घ्या तुमी," आणि दुसरा मनिषापुढे, "घ्या तुमी." तोच आवाज, तीच मान खाली घालणं. एका पाव्हणीला एक, दुसरीला एक. मग सँडल करकर वाजवत ती परत आजीकडे पळाली. मनिषाने पाणी एका दमात पिऊन टाकलं. "खसखस नेऊ नकोस," ती म्हणाली. राजलक्ष्मी गोंधळली. "त्ये सांगितलं की ताई मगाशी," ती हळूच म्हणाली, आणि थोडा वेळ बसून, आभार मानून निघून गेली.

तिला सांगण्यासारखं काय होतं? मनिषालाही कुणीतरी सांगितलंच होतं. आखातात दहा वर्षं काढलेल्या एका मोठ्या सिस्टरने, अनुभवाने, मायेने सांगितलं होतं, की पोर झोपेत असताना निघ, जागेपणी निरोप घेत बसलीस तर तुझाही पाय निघायचा नाही आणि तिलाही त्रास. मनिषाने तेच केलं होतं. पहाटे जीप फाट्यावर उभी होती. छकुली पालथी झोपली होती, एक पाय घोंगडीबाहेर. भामाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या होत्या. "उठीव तिला. जरा हुंगू दे. मेंढरू बी पिल्लाला हुंगल्याबिगर जाग्यावरनं हलत न्हाय." मनिषाला तेव्हा राग आला होता. उजाडायच्या आधी, निघायच्या घाईत, मेंढरांच्या गोष्टी. "नको आत्या, तिला कळत नाही, उठली की विसरेल," ती म्हणाली होती. भामाबाईंनी वाद घातला नाही. सुनेच्या शिक्षणापुढे त्या कधीच वाद घालत नसत. "मंग आंगावरली ती साडी तरी सोडून ठिव. धुऊ नकू," एवढंच म्हणाल्या. पोपटी रंगाची, सुती, धुऊन धुऊन विटलेली साडी, जिच्या पदराखाली पोरीला पाजलं होतं. मनिषाने ती सोडून खुंटीवर टाकली, नवी नेसली आणि मागे वळून न बघता गेली. मागे वळून बघू नये, हेही त्या सिस्टरनेच सांगितलं होतं.

"आत्या," राजलक्ष्मी गेल्यावर ती स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "दुकानात ती मला पाव्हणी म्हणाली." भामाबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. छकुली परसात सँडल घालून कोंबडीच्या मागे हिंडत होती. भामाबाईंचा हात सुपात थांबला, मग पुन्हा खडे वेचायला लागला. "माजंच चुकलं आसंल," त्या म्हणाल्या. "तू गेलीस, तर पोरगी चार दिस पान्याला शिवली न्हाय. दाराकडं तोंड करून बसायची. मंग तुजी साडी दिली उशाला. नाक खुपसून निजाया लागली. पर साडीचा वास किती दिस टिकतोय? वास उडाया लागला तशी परत दचकून उठाया लागली. मंग मी ती साडी आंगाला गुंडाळली." त्या किंचित हसल्या. "जलमभर लुगडं नेसलेली बाई, पाचवारी गुंडाळून हिंडाया लागले. पान्याच्या टाकीवर बाया फिदीफिदी हसायच्या. हसू द्या म्हनलं. पोरगी निजत हुती."

मनिषाला एकदम सासरचं मूळ गाव, निरवांगी, डोळ्यांपुढे दिसलं. ती नवी नवरी होती तेव्हाचं. गावाबाहेरच्या माळावर सासऱ्यांच्या, मल्हारतात्यांच्या, मेंढ्या अजून होत्या. नीरेच्या पाण्याने माळावर ऊस यायचा होता, कळप विकायचा होता, मल्हारतात्या जायचे होते. एका सकाळी एका मेंढीचं पिल्लू मेलेलं निघालं, आणि दुसऱ्या एका पिल्लाची आई आदल्या दिवशी गेली होती. मल्हारतात्यांनी मेलेल्या पिल्लाचं कातडं सोलून त्या पोरक्या पिल्लाच्या पाठीवर बांधलं, अंगरख्यासारखं. मेंढीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, मागे सरली, पुढे आली, आणि मग मान वळवून उभी राहिली. पोरकं पिल्लू गुडघ्यांवर बसून प्यायला लागलं. मनिषा, नर्सिंगची परीक्षा नुकती पास झालेली, बांधावर जाऊन ओकून आली होती. नंतर तिने विचारलं होतं, ते कातडं तसंच राहू देणार का. "न्हाय गं," मल्हारतात्या म्हणाले होते, "चार दिसांनी काढायचं. तवर त्याचा सोताचा वास मेंढीला लागतो. मंग कातडं आसलं काय आन् नसलं काय." आता तांदळाच्या सुपासमोर उभी असताना तिला ते सगळं आठवलं, आणि ज्याचं कातडं वापरतात ते आधी मेलेलं असावं लागतं, हेही आठवलं. भामाबाईंनाही ते सुचलं असणार.

"आसं कर," भामाबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या. "मी उद्या सकाळच्या यष्टीनं निरवांगीला जाते, दिराकडं. हे आंगावरलं लुगडं काढून ठिवते, धुवत न्हाय. दुपारच्याला ती पेंगली की तू नेस आन् तिच्याजवळ पड. तीन-चार दिस आसं कर. वासात वास मिसळतो. मंग लुगडं न्हाय नेसलं तरी चालतंय." मनिषाने त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही?" "मला काय व्हतंय," भामाबाई म्हणाल्या, आणि उठून परसाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कोंबडी हातातून निसटली म्हणून छकुली खदखदून हसत होती. "पिल्लू तोडायचं तर मेंढीला लांब न्यावंच लागतंय," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "जवळ आसली की वरडती." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, फक्त त्या बराच वेळ वळल्या नाहीत. मनिषाला वाटलं, जावं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावं. पण सासूच्या खांद्यावर डोकं ठेवायची या घरात रीत नव्हती, आणि शिवाय तो खांदा आता दुसऱ्या कुणाचा तरी होता.

सकाळी शंभूराज आईला स्टँडवर सोडून तसाच पुढे एमआयडीसीत कामावर गेला. भामाबाई पोर खेळत असताना मागच्या दाराने निघाल्या. छकुलीला सांगायचं नाही असं ठरलं होतं. हे ठरवताना दोघींनी एकमेकींकडे बघितलं नव्हतं. पोरीने आधी घरात शोधलं, मग परसात, मग गोजरबाईच्या बूथपर्यंत एकटी जाऊन आली. मनिषा तिच्या मागे मागे, थोडं अंतर ठेवून चालत राहिली. "आज्जी कुठं गेली?" छकुलीने शेवटी तिला विचारलं. महिन्याभरात आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. "येईल हां," मनिषा म्हणाली. भात कालवून तिने घास पुढे केला, तर पोरगी मान फिरवून, मोठ्या माणसासारखं "नको मला" म्हणाली आणि उंबऱ्यात दाराकडे तोंड करून बसली. रडली नाही. नवे सँडल तिने पायांतून काढून शेजारी नीट लावून ठेवले होते. बारा वाजून गेले, उन्हं ओट्यावरून खाली उतरली, फडातून तोडणाऱ्यांच्या कोयत्यांचा आवाज येत राहिला, आणि बसल्या बसल्या छकुलीची मान एकदा पुढे गेली, सावरली, पुन्हा गेली. मनिषाने तिला उचललं तेव्हा ती जागी झाली नाही. किती जड झाली होती. सोडून गेलो तेव्हा ही एका हातावर मावत होती. तिने तिला आतल्या खोलीत घोंगडीवर नेऊन ठेवलं.

मग ती खुंटीवरच्या लुगड्याकडे वळली. कधीकाळी हिरवं असलेलं, काठ विरलेलं. नऊवार नेसायची तिची सवय मोडली होती, निऱ्या धड बसेनात, कासोटा दोनदा सुटला. पण वास आला, आणि तो एकदम सगळ्या अंगावर चढला: मिश्रीचा, चुलीच्या धुराचा, लसणाचा, उन्हात वाळलेल्या घामाचा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी अजून मेंढरांचा. तिने न्हाणीत जाऊन आधीच परदेशी साबणाचा वास राखेने आणि पाण्याने घासून काढला होता. दंडांची कातडी लाल झाली होती. ती हळूच घोंगडीवर, पोरीशेजारी, कुशीवर झाली. खिडकीवर पोतं टाकलेलं होतं, त्याच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके पोरीच्या पाठीवर पडले होते. मनिषा ते वर-खाली होताना बघत राहिली. दवाखान्यात किती पोरांचे श्वास तिने असे बघितले होते, आणि बघताना कधी भीती वाटली नव्हती. आता वाटत होती. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग छकुलीने झोपेतच नाकपुड्या हलवल्या. मान इकडे केली. पुन्हा एकदा हुंगलं, आणि सरकत, डोक्याने ढुशा देत, कुणी ढकललं नाही, कुणी बोलावलं नाही, अशी आपणहून आली आणि मनिषाच्या छातीत तोंड खुपसून एक हात तिच्या गळ्यात टाकला. तो हात गरम होता. मनिषाचे डोळे भरून वाहायला लागले, पण तिने ते पुसले नाहीत, कारण पुसायला हात हलवावा लागला असता. आली, तिच्या मनात येत राहिलं, आली, आपणहून आली. तिकीट, गज, करार, सगळं त्या हाताखाली विरघळायला लागलं होतं.

"आज्जे," छकुली डोळे न उघडताच पुटपुटली.

मनिषाने श्वास रोखून धरला.

"ती पाव्हणी गेली का?"

पोत्यामागे एक माशी गुणगुणत होती. फडातले कोयते थांबले होते, बहुतेक जेवायची सुट्टी झाली असावी. हो म्हणावं की नाही म्हणावं, याचा विचार करायला तिला वेळ होता, आणि तरी नव्हता, कारण उत्तर आलं नाही तर पोर जागी होणार होती आणि डोळे उघडून बघणार होती.

"व्हय," मनिषा म्हणाली. नर्सिंगला गेल्यापासून मोडून टाकलेली गावची बोली तिच्या तोंडात आपोआप आली, आणि आवाजही दुसऱ्याच कुणाचा तरी आला. "गेली ती. नीज तू."

छकुलीने लुगड्याचा पदर मुठीत गच्च धरला, एक पाय मनिषाच्या पोटावर टाकला आणि समाधानाने झोपी गेली.